आमच्या जिन्याखालचा घडीचा ट्रेलर

सांगलीच्या गावभागात आमचे घर ज्या बोळात आहे, त्या बोळात रिक्षा शिरते, पण वळत नाही. घराला अंगण नाही. दीड फुटाचा ओटा, उंबरा आणि आत शिरल्याबरोबर उजव्या हाताला जिना. त्या जिन्याखालची अडीच फूट रुंद आणि तीन फूट खोल अशी तिरकी जागा सोडली, तर एखादी मोठी वस्तू ठेवायला आमच्याकडे दुसरा कोपरा नाही. ओझे वाहण्यासाठी काही साधन घ्यायचे म्हटले की ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न आधी उभा राहत असे आणि विषय तिथेच संपत असे. घडीचा ट्रेलर, म्हणजे वाहनामागे जोडून ओढायचा आणि काम झाल्यावर दुमडून ठेवायचा गाडा, करून घेण्याचा विचार या अडचणीतूनच आला. तो करवून घेताना, वापरताना आणि दोन वेळा दुरुस्त करवून घेताना जे कळत गेले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरी रोजची ओझी फार मोठी नाहीत, पण ती सतत असतात. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार, महिन्याचे धान्य, गिरणीचे दळण, कधी गॅसची टाकी. टाकीत गॅस १४.२ किलो असतो, पण टाकीसकट ते ओझे तीस किलोच्या घरात जाते, आणि एवढे वजन सायकलच्या कॅरिअरवर बांधून बोळातून आणणे धोक्याचे आहे. तरीही एवढ्यासाठी मी ट्रेलरचा विचार केला नसता. खरे कारण पुराचे होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी, हे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. आमच्या बोळात पाणी येण्यापूर्वी आमच्या हाताशी चार-पाच तास होते. त्या वेळात टेम्पो मिळाला नाही, हातगाडा मिळाला नाही, आणि विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या घरी आम्ही पाठीवर आणि खांद्यावर जेवढे नेता आले तेवढेच नेले. पुस्तके, शिलाई मशीन, वर्षाचे गहू आणि डाळी हे सगळे खालच्या खोलीत राहिले. वेळ होता, माणसे होती, जायला जागा होती. फक्त वाहून न्यायला चाके नव्हती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच धावपळ झाली आणि त्यानंतर मी हा विषय सोडला नाही.

सुरुवातीला माझ्या डोळ्यांपुढे वेगळाच ट्रेलर होता. अमेरिकेत मोटारीमागे जोडायचे घडीचे ट्रेलर सुट्या भागांच्या खोक्यात विकत मिळतात. त्यांचा पाट, म्हणजे सामान ठेवायची सपाट फळी, साधारणपणे ४ फूट बाय ८ फूट असतो, कारण प्लायवूडचा अख्खा तक्ता त्याच मापाचा असतो. काम झाले की पाटाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर दुमडायचा आणि सगळा ट्रेलर लहान चाकांवर उभा करून भिंतीला लावून ठेवायचा. तसाच, पण आकाराने लहान ट्रेलर बनवून तो स्कूटरमागे जोडावा असे माझ्या मनात होते. फॅब्रिकेशनच्या दुकानात जाण्याआधी मी आरटीओ कार्यालयात चौकशी केली, हे फार बरे झाले. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातच ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे मोटारीमागे किंवा स्कूटरमागे ओढायचा ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन ठरते, त्याला नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी त्या वाहनाचा नमुना उत्पादकाने पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहने तपासणाऱ्या अधिकृत संस्थेकडून तपासून घेतलेला असावा लागतो. गल्लीतल्या वेल्डरकडून जोडून घेतलेल्या ट्रेलरला हा मार्ग खुला नाही. तेथील कर्मचाऱ्यांनी हे शांतपणे समजावून सांगितले. कोणी काही म्हणत नाही, जोडा खुशाल, असे सांगणारे पुष्कळ भेटले. पण अपघात झाला तर विम्यापासून सगळेच प्रश्न उभे राहतील, आणि मुलांना नियम शिकवणाऱ्या बाईने तो रस्ता धरणे मला पटले नाही.

पायाने किंवा हाताने ओढायच्या साधनाला मात्र हे लागू नाही, कारण ती व्याख्या यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वाहनांची आहे. म्हणून सायकलमागे जोडता येईल आणि सायकल सोडून हातानेही ओढता येईल असा ट्रेलर करायचे ठरले. सांगली शहर सपाट आहे, गावभागापासून विश्रामबागेपर्यंत चारेक किलोमीटरमध्ये एकही चढ म्हणावा असा चढ नाही, ही गोष्ट या निर्णयाच्या बाजूची होती.

मिरज रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात मी मापे काढलेला कागद घेऊन गेले. पाट ४ फूट लांब आणि २ फूट रुंद, मधोमध दुमडणारा. ही रुंदी मी भाजीच्या प्लास्टिक क्रेटवरून ठरवली होती. आमच्या भागात द्राक्षापासून कोथिंबिरीपर्यंत सगळे ज्या क्रेटमधून हिंडते, ती साधारण ५४ सेंटिमीटर लांब आणि ३६ सेंटिमीटर रुंद असते. २ फुटांच्या रुंदीत ती आडवी नेमकी बसते आणि ४ फुटांच्या लांबीत अशा तीन क्रेट ओळीने मावतात. सामान क्रेटमध्ये भरून ठेवले की ट्रेलरला वेगळे कठडे लागत नाहीत, हे मला आजही या मापाचे मोठे यश वाटते.

दुकानदारांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, ४० चा अँगल मारू. वरनं माणसं बसली तरी हलणार नाही.”

“पण मला तो जिन्याखाली उचलून ठेवायचा आहे. वजन किती होईल?”

“वजन म्हणजे... असंल तीस-पस्तीस किलो.”

मी तेथेच हिशेब मांडला. ४० मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरचा अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी, मीटरला ३ किलो भरतो आणि आम्हांला सुमारे साडेनऊ मीटर लोखंड लागणार होते, म्हणजे नुसता सांगाडाच अठ्ठावीस किलोंचा. त्याऐवजी २५ मिलिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला एक किलो दोनशे ग्रॅमहून थोडा कमीच भरतो. सांगाडा अकरा किलोंत होतो. मी साठ किलोंपेक्षा जास्त भार टाकणार नव्हते. दुकानदारांना पाइप कमकुवत वाटत होता, पण त्यांनी ऐकले, आणि प्रत्येक कोपऱ्यात लहान त्रिकोणी पट्टी वेल्ड करून दिली, जी माझ्या कागदावर नव्हती. त्या पट्ट्यांमुळेच सांगाडा आजवर तिरका झालेला नाही. १२ मिलिमीटरचे वॉटरप्रूफ प्लाय, २० इंची सायकलची दोन चाके, ओढायचा दांडा हे सगळे धरून ट्रेलर चोवीस किलोंचा झाला आणि मला एकूण ६४०० रुपये खर्च आला.

चाकांबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. सायकलच्या तारांच्या चाकाची ताकद उभ्या भारासाठी असते. सायकल वळताना कलते, त्यामुळे भार चाकाच्या रेषेतच राहतो. ट्रेलर कलत नाही, म्हणून वळणावर चाकावर आडवा जोर येतो. त्यातच चाकाचा आस एकाच बाजूने धरलेला असेल, तर तो वाकतो. सायकलच्या चाकाचा बारीक आस दोन्ही बाजूंनी धरण्यासाठीच केलेला असतो. म्हणून पाटाच्या दोन्ही कडांना बाहेरून चौकट जोडून चाक दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवले. यामुळे रुंदी २४ इंचांवरून ३४ इंच झाली, पण खड्ड्यांतून जाऊनही आजपर्यंत रिम वाकडी झालेली नाही.

आता घडीविषयी, कारण सगळी खरी शिकवण तेथेच झाली.

पाट वरच्या अंगाने दुमडतो, म्हणजे पुस्तक मिटावे तसा पुढचा भाग मागच्या भागावर येतो. चाके या दुमडीच्या जोडाच्या दोन इंच मागे आहेत. भरलेल्या ट्रेलरची दोन्ही टोके, सी-सॉवर दोन्हीकडे मुले बसल्याप्रमाणे, खाली झुकू पाहतात. बिजागऱ्या वरच्या अंगाला असल्या की टोके झुकताना दोन्ही भागांच्या खालच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि जोड भारानेच आवळला जातो. हे गणित बरोबर होते, आणि त्याच भरवशावर मी जोडाच्या खाली दाराला लावतात तशा दोन साध्या कड्या बसवून घेतल्या होत्या. पहिले तीन आठवडे सगळे सुरळीत चालले.

एका रविवारी सायकल न घेता हातानेच ट्रेलर ओढत मी गिरणीवरून येत होते. पुढच्या क्रेटमध्ये पंधरा किलो गव्हाचे पीठ, मागे पाण्याचा जार. एका ठिकाणी रस्ता खोदलेला होता म्हणून वीतभर उंचीच्या पायरीवर ट्रेलर चढवावा लागला. चाके पायरीला अडली, मी दांडा दोन्ही हातांनी वर उचलला, आणि कडी सुटून पाट एकदम दुमडला. दोन्ही क्रेट मध्ये घसरल्या, पिठाचा डबा उपडा झाला, आणि क्रेट धरायला पुढे केलेल्या माझ्या डाव्या हाताची करंगळी दोन फळ्यांच्या मध्ये सापडली. नख महिनाभर काळे राहिले. घरी येऊन हाताला बर्फ लावत बसले असताना चूक लक्षात आली. आडव्या ओढीत जोड आवळला जातो. पण चाके अडलेली असताना लांब दांडा वर उचलला, की तोच दांडा तरफेचे काम करतो आणि जोडावर नेमका उलटा, घडी घालण्याच्या दिशेचा जोर येतो. तरफेचे प्रकार मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते, पण स्वतःच्या दांड्याकडे मी त्या नजरेने पाहिले नव्हते.

दुरुस्ती सोपी होती. जोडाच्या खाली दोन्ही बाजूंना जाड पट्टीचे कान वेल्ड केले आणि त्यांतून १२ मिलिमीटरची पिन आरपार घातली. पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला ट्रॅक्टरच्या अवजारांना लावतात तशी स्प्रिंगची लिंच पिन आहे. ती शेतीअवजारांच्या कोणत्याही दुकानात किरकोळ किमतीत मिळते. घडीचे कोणतेही साधन करून घेणाऱ्याला माझे आग्रहाचे सांगणे आहे की जोड उघडू पाहणाऱ्या सगळ्या दिशा आधी तपासाव्यात, आणि कडीवर विसंबू नये. पिन घातल्याशिवाय मी आता रिकामा ट्रेलरही हलवत नाही.

दुसरी दुरुस्ती पावसाने करायला लावली. वॉटरप्रूफ म्हणून घेतलेल्या प्लायचा पृष्ठभाग चांगला राहिला, पण कापलेल्या कडा उघड्याच होत्या. त्या पाणी पिऊन फुगल्या, दोन फळ्यांमधली फट नाहीशी झाली आणि पाट सपाट बसेना. सुताराकडून कडा रंधून घेतल्या, मध्ये पाच मिलिमीटर फट ठेवली आणि कडांना तेलरंगाचे तीन हात दिले.

सायकलला जोडण्याची जागा हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. सीटखालच्या दांडीला जोडणे सर्वांत सोपे, आणि मीही पहिल्यांदा तसेच केले. पण तेथे जोड उंचावर असतो. ब्रेक लावला की मागून येणारे ओझे सायकलला त्या उंचीवरून पुढे ढकलते, आणि वळणावर तिला आडवे पाडू पाहते. आता जोड मागच्या चाकाच्या आसाजवळ, डाव्या बाजूला आहे. सायकल कलली तरी ट्रेलर सरळ राहावा म्हणून मध्ये हायड्रॉलिक पाइपचा वीतभर तुकडा वापरला आहे, आणि तो तुटलाच तर ट्रेलर मोकळा सुटू नये म्हणून बाहेरून नायलॉनचा पट्टा. ट्रेलरला ब्रेक नाही. त्यामुळे भरल्या ट्रेलरसह मी सायकल पायी चालण्याच्या दुपटीपेक्षा वेगाने नेत नाही आणि रिक्षामागे फार जवळ जात नाही. मागे लाल रिफ्लेक्टर आणि काठीला लाल फडके कायम असते.

ओझे कसे भरावे यासाठी एकच नियम पाळते. एकूण भाराच्या साधारण दहावा हिस्सा दांड्याच्या टोकावर आला पाहिजे. प्रवासाच्या बॅगा मोजायचा स्प्रिंगकाटा दांड्याला अडकवून उचलले की वजन कळते. चाळीस किलो भरले असतील तर काट्यावर चार किलो हवेत. जड वस्तू चाकांच्या मागे गेली, तर दांडा वर उचलला जातो, सायकलचे मागचे चाक हलके होते आणि ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. हे मी एकदा मुद्दाम, शाळेच्या मोकळ्या मैदानावर मुलांना करून दाखवले.

घडीला लागणारा वेळही सांगते. रिकामा ट्रेलर घराशी आणल्यावर दांडा काढणे, पिना काढून पाट मिटणे हे मिनिटभराचे काम आहे. चाके काढायला मात्र आधी पाना लागत असे आणि चार-पाच मिनिटे जात. तेवढ्या कारणाने मी दोनदा ट्रेलर बाहेर ओट्यालाच टेकवून ठेवला आणि शेजाऱ्यांची वाट अडली. मग हाताने फिरवायच्या लिव्हरचे आस बसवून घेतले. आता सगळे मिळून दोन मिनिटांत होते, आणि ३४ इंच बाय २४ इंच आणि सहा इंच जाडीचा गठ्ठा जिन्याखाली उभा राहतो. घडी घालण्याचा कंटाळा येत असेल, तर घडीच्या ट्रेलरचा उपयोग संपला असे समजावे. म्हणून या एका सोयीवर केलेला खर्च मला सर्वांत योग्य वाटतो.

जानेवारीत आम्ही आणि नणंदेचे कुटुंब मिळून सायकलींनी दंडोबाच्या डोंगराकडे गेलो. डोंगरावरचे जंगल वनखात्याचे असल्यामुळे तेथे मुक्काम न करता पायथ्याला भोसे गावाजवळ ओळखीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीवर उतरलो. तीन क्रेटमध्ये दोन तंबू, ताडपत्री, स्टोव्ह, भांडी, पीठ-तांदूळ आणि पाणी असे अडतीस किलो भरले. एरवी दीड तासात होणारे अंतर तीन तासांत झाले, आणि समोरून वारा असताना ट्रेलर किती ओढतो हे पायांना चांगलेच समजले. चढावर दोघांनी उतरून ढकलावे लागले. पण मुक्कामाला पोहोचल्यावर ट्रेलरचा एक उपयोग मिळाला, ज्याचा मी विचारच केला नव्हता. चाकांना दगडांची उटी दिली, दांड्याखाली क्रेट सरकवली, आणि चौरंगाहून थोडा उंच असा सपाट ओटा तयार झाला. नणंद त्याच्याशी मांडी घालून बसली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, “वहिनी, घरी जाताना हा माझ्याकडेच ठेवा.” रात्री सामान क्रेटसकट त्यावर ठेवून वरून ताडपत्री बांधली. जमिनीवरच्या वस्तू पहाटेच्या दवाने ओल्या झाल्या, वरच्या कोरड्या राहिल्या.

कॅम्पिंगसाठी हा ट्रेलर सोयीचा आहे, पण पंचवीस किलोमीटरच्या पुढे किंवा घाटाच्या रस्त्याने तो नेऊ नये असे माझे मत झाले आहे. ब्रेक नसलेले चाळीस किलो उतारावर सायकलला मागून रेटत राहतात. यवतेश्वरच्या घाटाने कासकडे जाण्याची सूचना घरातून आली होती, ती मी मान्य केली नाही.

गेल्या पावसाळ्यात पाणी इशारा पातळीकडे सरकत असल्याची बातमी संध्याकाळी आली. ते पुढे ओसरले, पण आम्ही वाट पाहिली नाही. पहिल्या खेपेत धान्याचे डबे आणि कागदपत्रांची पेटी, दुसऱ्या खेपेत शिलाई मशीन आणि गॅसची शेगडी, तिसऱ्या व चौथ्या खेपेत पुस्तके. पुस्तके आकाराने लहान दिसतात, पण तीन क्रेट काठोकाठ भरल्या तर साठ किलोंची मर्यादा सहज ओलांडतात, म्हणून त्या दोन्ही खेपांत क्रेट निम्म्याच भरल्या. संध्याकाळी सहाला सुरू केलेले काम रात्री साडेदहाला संपले आणि कोणाच्या पाठीवर काहीही न घेता खालची खोली रिकामी झाली. ट्रेलर शेवटच्या खेपेनंतर नणंदेच्या दारातच दुमडून ठेवला.

मे संपत आला की मी आता तो जिन्याखालून काढते, ट्यूबमध्ये हवा भरते, बिजागऱ्यांना ग्रीस लावते आणि प्लायच्या कडांचा रंग कुठे उडाला आहे का हे बोट फिरवून पाहते. दोन्ही पिना सुतळीने सांगाड्यालाच बांधलेल्या आहेत, अंधारात शोधाव्या लागू नयेत म्हणून. या वर्षी हातब्रेकचे काम करायचे आहे. त्याचा कागद दुकानदारांकडे देऊन आले आहे.